चंपीनंतरची चक्कर

डोक्याला तेल लावून घेणे ही गोष्ट आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. मूल जन्मले की त्याची टाळू भरायची, ही तेलाची पहिली ओळख. मग शाळेच्या दिवसांत रविवारी सकाळी आजीच्या गुडघ्यांत डोके देऊन बसायचे आणि "हलू नको रे, डोळ्यांत तेल जाईल" हे ऐकत राहायचे. नरक चतुर्दशीला पहाटे कुडकुडत अभ्यंग. पुढे मिसरूड फुटले की सलूनची खुर्ची. कोकणात तर खोबरेल पुष्कळदा घरचेच. वाडीतल्या नारळांचे, अंगणात खोबरे वाळवून घाण्यावर काढून आणलेले. इतक्या जवळच्या वस्तूवर संशय कोण घेणार? त्यामुळे डोके चोळून घेतल्यावर एखाद्याला हलके वाटण्याऐवजी बरे वाटेनासे झाले, तर आपल्याला ते पटतच नाही. "तेल बाधले", "डोक्यात सर्दी भरली", "उपाशीपोटी गेला असशील", "कुणाची तरी नजर लागली" अशी कारणे घरोघर तयार असतात. त्यांतले एखादे खरेही असते. पण कोणते, हे समजायला थोडे खोलात शिरावे लागते.

मी खोलात शिरलो त्याला कारण घडले. गेल्या वर्षी आमच्या घरातल्या दोघांना, वेगवेगळ्या वेळी, डोक्याच्या मालिशीनंतर चक्कर आली. एक मी आणि दुसरे माझे काका. दोघांनीही घरी सांगताना एकच शब्द वापरला: चक्कर. पण दोघांच्या दुखण्यांचे एकमेकांशी दूरचेही नाते नव्हते. मी संस्कृतचा विद्यार्थी आहे, वैद्यकाचा नव्हे. डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि ग्रंथालयात बसून जे समजले तेवढे येथे मांडतो.

प्रथम माझ्या विषयातले सांगतो, कारण तेथे मला अनपेक्षित असे काही सापडले. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त डोक्यावर तेल वापरण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. अभ्यंग म्हणजे चोळणे, सेक म्हणजे धार धरणे, पिचू म्हणजे तेलात भिजवलेला बोळा ठेवणे आणि बस्ति म्हणजे डोक्याभोवती चामड्याची पट्टी बांधून त्यात तेल भरून ठेवणे. यांतला पुढचा प्रकार मागच्याहून अधिक गुणकारी, असेही तो म्हणतो. आज ठिकठिकाणच्या रिसॉर्टांत पाहुण्यांना निजवून कपाळावर जी 'शिरोधारा' धरतात, ती यांतल्या सेकाच्या कुळातली. दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करावा, विशेषतः डोके, कान आणि पाय यांना, असे सांगून झाल्यावर वाग्भट लगेच तो कुणी करू नये तेही सांगतो: कफाने ग्रासलेल्याने, नुकतेच वमन-विरेचन झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने. म्हणजे ज्या परंपरेने तेलाचे एवढे कौतुक केले, तिनेच त्याला पथ्यही घातले होते. आपण कौतुक तेवढे उचलले.

सुश्रुत आणखी पुढे जातो. शरीरावरच्या १०७ मर्मांपैकी ३७ त्याने मानेत आणि डोक्यात मोजली आहेत. चारही हातापायांची मिळून ४४ आणि पोट, छाती, पाठ यांची मिळून २६ हे लक्षात घेतले, तर मान आणि डोके या एवढ्याशा जागेत किती दाटी आहे ते कळेल. मानेच्या दोन्ही बाजूंना नीला आणि मन्या नावाची मर्मे आहेत. तेथे इजा झाली तर माणूस मुका होतो, आवाज बिघडतो किंवा चव कळेनाशी होते. तेथेच आठ सिरामातृका आहेत आणि त्यांची गणना तत्काळ प्राण घेणाऱ्या मर्मांत केलेली आहे. डोके आणि मान यांच्या सांध्यावर कृकाटिका. तिला धक्का लागला तर डोके डगमगते. आजच्या शरीरशास्त्रातली अमकी शीर म्हणजे सुश्रुताचे तमके मर्म अशी जुळवाजुळव करण्याचा मोह मी टाळतो. ती बहुधा ओढूनताणूनच होते. पण मानेला हात लावताना जपावे, हे त्या माणसाला पक्के माहीत होते.

हे ज्ञान ग्रंथांत राहिले आणि चंपी रस्त्यावर आली. (रस्त्यावरून ती सातासमुद्रांपारही गेली. हिंदीतल्या 'चाँपना' या क्रियापदाचे 'चाँपो' हे आज्ञार्थी रूप इंग्रजीत जाऊन त्याचा 'शाम्पू' झाला. पाटण्याला १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमदाने इंग्लंडात ब्रायटनला स्नानगृह काढून ही विद्या तेथल्या बड्या लोकांत चालू केली आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांचा तो 'शाम्पू सर्जन' झाला. आपल्याकडे १९५७ च्या 'प्यासा'त जॉनी वॉकरने तेलमालिशवाल्याला अमर करून ठेवलेच आहे.)

आता माझी हकीकत. मे महिना, परीक्षा नुकतीच संपलेली. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हते. बाराच्या सुमारास एका सलूनमध्ये केस कापून घेतले आणि मग चंपीला बसलो. वीज गेलेली, पंखा बंद. रत्नागिरीच्या मे महिन्यातली दुपार कशी असते हे रत्नागिरीकरांना काय सांगायचे! अंगाला चिकटलेला शर्ट आणि मानेला बांधलेले कापड. पंधरा-वीस मिनिटे डोके, कपाळ, कानशिले, मान सगळे रगडून झाले. सुख म्हणतात ते हेच असे वाटत होते. पैसे द्यायला म्हणून झटक्यात उठलो आणि कानांत गुंई असा आवाज सुरू झाला, घाम फुटला, समोरचा आरसा दूर दूर जाऊ लागला आणि डोळ्यांपुढे काळा पडदा आला. मी पडायच्या आत दोघातिघांनी मला धरले आणि पुन्हा खुर्चीत ताठ बसवले. कुणी तोंडावर पाणी मारले, कुणी कांदा आणायला धावले, एका सद्गृहस्थांनी चप्पल हुंगवण्याची सूचना केली. तरी मला शुद्ध नीट येईना. शेवटी बाकावर आडवे केले, तेव्हा मिनिटाभरात सगळे स्वच्छ दिसू लागले.

डॉक्टरांनी पुढे जे समजावले ते असे. माणूस बसलेला असताना रक्त आपल्या वजनाने खाली पायांकडे उतरत असते. उष्म्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, तेथेही बरेच रक्त थांबते. मालिशीने अंग सैल पडते, हृदयाची गती मंदावते. अशा अवस्थेत एकदम उभे राहिले की क्षणभर मेंदूला रक्त कमी पडते. निरोगी शरीर लगेच सावरते; पण पोट रिकामे, घाम जाऊन अंगातले पाणी कमी झालेले आणि हवा कोंदट असली, तर सावरायला उशीर होतो आणि शुद्ध हरपू लागते. मूर्च्छित माणूस जमिनीवर कोसळतो, हा खरे म्हटले तर शरीराने स्वतःपुरता शोधलेला उपायच आहे. आडवे झाले की रक्ताला मेंदूपर्यंत चढ चढावा लागत नाही. म्हणूनच अशा माणसाला प्रेमाने ताठ धरून बसवणे हे नेमके उलटे होते. त्याला आडवे करावे, पाय थोडे उचलून धरावे, गळ्याजवळचे कापड सैल करावे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. कांद्याची भजी नंतर करता येतील.

याच जातीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो वयस्कर मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जबड्याच्या कोपऱ्याखाली मानेच्या बाजूला बोट ठेवले की ठोका लागतो. मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी तेथे दुभंगते आणि त्या फाट्याशी तिच्या भिंतीत दाब मोजणारे मज्जातंतू असतात. रक्तदाब वाढला की भिंत ताणते, तंतू मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाला 'सावकाश' म्हणून सांगतो. आता हीच भिंत बाहेरून अंगठ्याने दाबली तर? तंतूंना अंगठा आणि रक्तदाब यांतला फरक कळत नाही. ते तोच निरोप पाठवतात, हृदयाचे ठोके मंदावतात, दाब उतरतो आणि माणसाला घेरी येते. तरुणांत हे क्वचितच इतके तीव्र असते. उतारवयात, त्यातही पुरुषांत, अधिक आढळते. घट्ट कॉलरचे बटण लावून मान वळवल्यानेही काहींना असे होते. युरोपी भाषांत या धमनीचे जे नाव आहे, ते 'गुंगी आणणे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलेले आहे. म्हणजे ही गोष्ट फार जुन्या काळापासून लोकांच्या अनुभवाची असावी. तिचा शास्त्रीय उलगडा हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात केला आणि त्याच भागातल्या तंतूंवरील कामासाठी बेल्जियमच्या हेमन्सला १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा मालिश करणाऱ्याने मानेच्या मागचे स्नायू खुशाल रगडावेत. पुढच्या बाजूला, ठोका लागतो तेथे, अंगठा नको आणि दोन्ही बाजूंना एकदम तर मुळीच नको.

काकांचे प्रकरण अगदी निराळे. ते साठीचे, मुंबईहून दिवाळीला आलेले. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी एका मालिशवाल्याकडून डोके, मान, खांदे असे साग्रसंगीत करून घेतले. दोन्ही तळवे जोडून टाळूवर टपटप ठोकण्याचा जो एक प्रकार असतो, तोही झाला. घरी आले, जेवले, निजले. रात्री डाव्या कुशीवर वळले आणि खोली गरागरा फिरू लागली. पलंगाची कड घट्ट धरून त्यांनी काकूंना हाक मारली. अर्ध्या मिनिटात फिरणे थांबले. पण उलटी झाली. पुन्हा वळले, पुन्हा तेच. घरात सर्वांच्या मनात एकच शब्द आला आणि कुणी उच्चारला नाही: अर्धांग. सकाळपर्यंत कुणी झोपले नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवले, डोके एका बाजूला वळवले आणि झटकन उताणे निजवले, डोके टेबलाच्या कडेखाली किंचित लोंबते राहील असे. काका ओरडले. डॉक्टर मात्र त्यांच्या डोळ्यांत टक लावून पाहत होते. बुबुळे एका ठरावीक लयीत झटके देत होती आणि थोड्या वेळाने थांबली. "कानाचे आहे, मेंदूचे नाही," असे ते म्हणाले, तेव्हा आमच्या घराने सुटकेचा श्वास टाकला.

आपल्या कानाच्या आत ऐकण्याखेरीज तोल सांभाळण्याचीही यंत्रणा असते. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यांत द्रव. डोके वळले की द्रव हलतो आणि कोणत्या दिशेला वळलो ते मेंदूला कळते. त्या नळ्यांच्या शेजारी एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण चिकटलेले असतात. आपल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्या ज्या द्रव्याच्या असतात, भाजून ज्यांचा चुना करीत, तेच हे द्रव्य. वयामुळे, डोक्याला बसलेल्या धक्क्याने किंवा उगाचच, यांतले काही कण सुटतात आणि नळीत शिरतात. मग माणूस विशिष्ट बाजूला वळला की कण गडगडत जातात, द्रव ढवळतो आणि डोके स्थिर असूनही मेंदूला 'फिरतो आहे' अशी खबर मिळते. कण खाली बसले की फिरणे थांबते. म्हणून हा प्रकार मिनिटाच्या आत आटोपतो आणि पुन्हा वळले की पुन्हा येतो.

मालिशीने काकांचे कण सुटले का? डॉक्टर म्हणाले, ठोकण्याने सुटले असतील. पण कण आधीच सुटलेले असून डोके मागे टाकल्यामुळे दुखणे उघड झाले, असेही पुष्कळदा असते. नक्की सांगता येत नाही आणि उपचार तर तोच. या विकाराचे वर्णन बाराणी या डॉक्टरने १९२१ साली केले. (कानातल्या याच यंत्रणेवरच्या आधीच्या कामासाठी त्याला १९१४ चे नोबेल जाहीर झाले, तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता.) डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये ती निजवून पाहण्याची तपासणी सांगितली आणि अमेरिकेतल्या एप्ली या डॉक्टरने डोके क्रमाक्रमाने फिरवून कण पुन्हा पिशवीत घालवण्याची युक्ती काढली. आरंभी पुष्कळांनी तिची चेष्टा केली. १९९२ साली त्याचा लेख प्रसिद्ध झाला आणि आज जगभर तीच वापरतात. काकांचे काम दहा मिनिटांत झाले. गोळी नाही, सुई नाही. "नुसते डोके फिरवायचे पैसे घेतले," असे ते अजून म्हणतात; पण त्या रात्रीपासून त्यांना चक्कर आली नाही. ज्यांना मानेच्या मणक्यांचा त्रास आहे त्यांनी हा प्रयोग घरच्या घरी करू नये, एवढे मात्र डॉक्टरांनी बजावले.

आता शब्दांकडे येतो, कारण मला वाटते खरी ग्यानबाची मेख येथेच आहे. मला झाले ते आणि काकांना झाले ते, दोन्हींना आम्ही 'चक्कर' म्हटले. वास्तविक मराठीत याबाबतीत शब्दांची मुळीच टंचाई नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते, घेरी येते, भोवळ येते, डोके गरगरते, चालताना झोक जातो, पाय लटपटतात. या साऱ्यांना एकाच 'चक्कर'मध्ये कोंबून आपण दवाखान्यात जातो. माधवाच्या 'माधवनिदाना'त मूर्च्छा आणि भ्रम यांचा विचार एकाच अध्यायात असला, तरी त्यांची कारणे वेगवेगळी दिली आहेत: मूर्च्छेत पित्त आणि तम, भ्रमात रज, पित्त आणि वात. भ्रमात अंग चाकासारखे फिरते असे तो सांगतो. आपल्या 'चक्कर'मधले चक्र ते हेच! त्या हिशेबाने चक्कर आली ती काकांना. मला आली ती घेरी. दोषांची ती उपपत्ती आज कुणी मानो वा न मानो, पण भेद बरोबर टिपलेला आहे. आमच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्नही तोच होता: "खोली फिरते, की तुम्ही बुडता?" खोली फिरत असेल तर बहुतेक वेळा कान पाहायचा, बुडल्यासारखे वाटत असेल तर रक्तदाब आणि हृदय. रुग्णाने नीट शब्द वापरला तर अर्धे निदान तेथेच होते, असे ते म्हणाले. भाषेच्या विद्यार्थ्याला हे ऐकून बरे वाटले, हे कबूल करायला हरकत नाही.

बारीकसारीक तक्रारी आणखी असतात. जोराने रगडल्यावर दुसऱ्या दिवशी मान आणि टाळूची कातडी दुखणे हे ताणलेल्या स्नायूंचे दुखणे. दोन दिवसांत जाते. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांचे डोके उग्र वासाच्या 'थंड' तेलाने उठते. सुगंधी तेलाने काहींना पुरळ येते. मालिशीने 'डोक्यातले विष उतरते आणि ते उतरताना मळमळते' असे हल्ली काही ठिकाणी सांगतात. त्याला काही आधार नाही. मळमळ आली तर तिचे कारण शोधावे.

परंतु एक प्रकार या साऱ्यांहून वेगळा आहे, आणि हा लेख मी खरे म्हणजे त्याच्यासाठी लिहीत आहे. चंपी संपत आली की हनुवटीला एक हात, डोक्यामागे दुसरा हात लावून मान एकदा इकडे, एकदा तिकडे कडकन मोडतात. पुष्कळांना याशिवाय चंपी पुरी झाली असे वाटत नाही.

मेंदूला रक्त पोचवणाऱ्या चार धमन्या मानेतून जातात. दोन पुढून, ज्यांचा ठोका बोटाला लागतो, आणि दोन मागून, मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून ओवल्यासारख्या. या मागच्या दोघी सगळ्यांत वरच्या मणक्याशी एक अवघड वळण घेऊन कवटीत शिरतात. मान एकदम पिळली की धमनी ताणली जाते आणि तिच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. चिरेत रक्त शिरते, गुठळी धरते. ती तेथेच वाट अडवते किंवा सुटून मेंदूत जाते. परिणाम म्हणजे पक्षाघात. तोही लगेच होतो असे नाही. कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी. त्यामुळे त्याचा आणि सलूनचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही.

अमेरिकेतल्या वाइनट्रॉब या मज्जातज्ज्ञाने १९९३ साली पाच स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. केस धुण्यासाठी ब्यूटी पार्लरमधल्या बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून बसल्यावर त्यांना हा त्रास झाला होता. तेव्हापासून 'ब्यूटी पार्लर स्ट्रोक' हे नाव रूढ झाले. २०२२ मध्ये हैदराबादला पन्नाशीच्या एका बाईंना असेच झाले. केस धुताना चक्कर, मळमळ, उलट्या आणि दुसऱ्या दिवशी चालताना तोल जाऊ लागला. तपासणीत लहान मेंदूला इजा दिसली. २०२४ साली कर्नाटकात बळ्ळारीच्या एका तीस वर्षांच्या कामगाराची बातमी आली. केस कापल्यावर फुकट चंपी, शेवटी मान मोडली, तेव्हा जरासे दुखले. घरी गेल्यावर काही तासांत बोलणे बिघडले आणि डाव्या अंगातली शक्ती गेली. मानेतल्या धमनीला चीर पडली होती. बरे व्हायला महिने गेले. २०१७ मध्ये दिल्लीकडचे ५४ वर्षांचे एक गृहस्थ तर धमनीने नव्हे, मज्जातंतूने फसले. श्वासपटल हलवणाऱ्या तंतूला इजा झाली आणि श्वास घेता येईना, म्हणून त्यांना यंत्रावर ठेवावे लागले. केशकर्तनानंतर मान मोडून घेण्याची सवय हेच कारण डॉक्टरांनी दिले.

हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. मानेतल्या धमनीला चीर पडण्याचा प्रकार सर्व कारणांचा मिळून वर्षाला लाखात दोन-तीन माणसांना होतो. मान मोडून घेणारे लाखो लोक सुखरूप घरी जातात. पण हा प्रकार पन्नाशीच्या आतल्या माणसांच्या पक्षाघाताचे एक मोठे कारण आहे, म्हणजे आपल्या वयाला तो परका नाही. शिवाय मान मोडण्यातून मिळते काय? कडकन येणारा तो आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात एकाएकी पोकळी होते, तिचा तो आवाज. क्षणभर मोकळे वाटते, एवढेच. एका आवाजासाठी एवढी जोखीम मला तरी महाग वाटते.

तेव्हा मालिशीनंतर बरे वाटत नसेल, तर घाबरायचे कधी? मानेत किंवा डोक्यात एका बाजूला पूर्वी कधी न झालेले दुखणे सुरू झाले, तोंड वाकडे झाले, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय एका अंगाला हलके पडले, उभे राहिल्यावर सारखा एकाच बाजूला तोल जाऊ लागला, तर ती कानाची चक्कर नव्हे आणि घेरीही नव्हे. गुठळी विरघळवण्याचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. 'जरा पडून बघू, तेल बाधले असेल' म्हणण्यात हे तास निघून जातात. आपल्या जिल्ह्यात राजापूर काय, गुहागर काय, खाडीपलीकडची वाडी काय, गाडी मिळून रस्त्याला लागेपर्यंतच तास-दीड तास जातो. पुढे कोल्हापूरला जायचे झाले तर आंबा घाट उतरून-चढून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. म्हणून लक्षणे दिसताच १०८ ला फोन करावा आणि ती किती वाजता सुरू झाली हे कागदावर लिहून बरोबर द्यावे. डॉक्टर तेच पहिल्यांदा विचारतात. चंपी झाली होती, मान मोडली होती, हेही सांगावे; लाजण्यासारखे त्यात काही नाही.

मी ज्यांच्याकडे लहानपणापासून केस कापतो त्या वयस्क कारागिरांना हे सारे सांगितले. ते ऐकत होते आणि हातातला वस्तरा पट्ट्यावर घासत होते. त्यांच्या वडिलांनी त्यांना मान मोडायला शिकवली नव्हती, असे ते म्हणाले. डोके, कपाळ, खांदे एवढेच. मानेला नुसता तळवा. मोडण्याचे ते मुंबईला एका सलूनमध्ये कामाला असताना शिकले.

"मग आता का करता, काका?" मी विचारले.

"गिऱ्हाईक सांगतं ना बाळा. मान पुढं करून बसतं. नाय मोडली तर म्हणतं, आज काय मजा आली नाय."

"आणि कुणी नको म्हणालं तर?"

"तर आमचं काम हलकं. कापड बांधतानाच सांगावं. मागनं हात लागल्यावर 'थांबा' म्हणून मान आखडायची नाय, त्यानं जास्त दुखतं."

गेल्या महिन्यात काका पुन्हा आले होते, तेव्हा मी त्यांना तेथेच घेऊन गेलो. कापड बांधताना मी सांगितले, "डोकं चोळा, ठोकू नका, आणि मान राहू द्या." काकांनी जरा नाक मुरडले. मग पंख्याखालची खुर्ची मिळाली तसे डोळे मिटून बसले, आणि झाल्यावर पाच मिनिटे तसेच बसून राहिले.